अपडेटनंतर व्हॉट्सॲप उघडेना : काय करावे, काय टाळावे



या अंकातील अभ्यासाचा विषय नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. दुर्गम पाड्यांवर काम करणारे सेवक, वसतिगृहांचे अधीक्षक, आरोग्यसेविका आणि त्यांना गावोगावहून पाठबळ देणारे आपण सर्व, यांच्यामधला दुवा आज बहुतेक ठिकाणी एका मोबाईलवर आणि त्यातल्या व्हॉट्सॲपवर अवलंबून असतो. वसतिगृहातल्या मुलीला ताप आला की तो निरोप त्यावरूनच घरी जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, धान्याच्या पावत्या, प्रार्थनेच्या विनंत्या हे सगळे त्यातच असते. अक्राणी-अक्कलकुव्याकडचे भिली किंवा पावरी बोलणारे पालक असोत की मेळघाटातले कोरकू बोलणारे, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही आवाजी संदेश पाठवता येतो आणि ऐकता येतो. कागदी चिठ्ठीने हे कधी साधले नसते.

अशा फोनवर एके दिवशी अपडेट येते. फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि व्हॉट्सॲप उघडले की ओळखीची नावे दिसण्याऐवजी ‘तुमचा फोन नंबर टाका’ अशी सूचना समोर येते. मन घाबरते. शेजारचा कोणी म्हणतो, ‘ॲप काढून पुन्हा टाका.’ दुसरा म्हणतो, ‘कोड आला की मला सांगा, मी करून देतो.’ नुकसान होते ते बहुधा या दोन सल्ल्यांमुळे. अपडेटने खाते सहसा जात नाही. घाईने मात्र जुने संदेश जातात, आणि कधी कधी खाते भलत्याच्या हाती पडते.

म्हणून हा पाठ. फोन हातात घेऊन सावकाश वाचावा आणि आपल्या गटात एकमेकांना समजावून सांगावा.

१. आधी समजून घेऊ : कोणती वस्तू कुठे असते?

व्हॉट्सॲपच्या बाबतीत चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्या एकच आहेत असे समजल्यामुळे गोंधळ होतो.

पहिली गोष्ट म्हणजे खाते. ते आपल्या मोबाईल नंबरावर असते आणि त्याची नोंद कंपनीकडे असते. फोनमधून ॲप काढून टाकले म्हणून खाते पुसले जात नाही. ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘खाते हटवा’ असे मुद्दाम केले, तर मात्र ते जाते. खाते १२० दिवस वापरलेच नाही, तर निष्क्रिय समजून साधारणपणे काढून टाकले जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे सहा अंकी पडताळणी कोड. हा नंबर खरोखर आपल्याच हातात आहे ना, हे तपासण्यासाठी तो सिमकार्डावर एसएमएसने किंवा फोन कॉलने येतो. तो एकदाच वापरायचा असतो. पुढच्या वेळी नवा येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे पिन. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ ही सोय आपण सुरू केली असेल, तर कोडनंतर आणखी एक सहा अंकी पिन विचारला जातो. हा पिन कोणी पाठवत नाही. तो आपणच ठरवलेला असतो. कोड आणि पिन दोन्ही सहा अंकी असल्यामुळे अनेक जण पिनच्या जागी कोड टाकत बसतात आणि ‘चुकीचा आहे’ हा संदेश पाहून हताश होतात.

चौथी गोष्ट म्हणजे आपले संदेश, फोटो आणि आवाजी निरोप. हे फोनमध्ये असतात. आपण बॅकअप घेतला असेल, तर त्याची प्रत अँड्रॉइड फोनवर गुगल खात्यात आणि आयफोनवर आयक्लाउडमध्ये असते.

घराची उपमा घेऊ. नंबर म्हणजे घराचा पत्ता. कोड म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. पिन म्हणजे आतल्या दाराची कडी, आणि संदेश म्हणजे घरातले सामान. किल्ली पुन्हा मिळवता येते. कडीही काही दिवसांनी नव्याने लावता येते. पण सामान आपल्याच हाताने बाहेर फेकले आणि त्याची प्रत ठेवलेली नसेल, तर ते परत आणता येत नाही.

२. अपडेट कोणते झाले?

‘अपडेट झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा तीनपैकी एक काहीतरी झालेले असते.

पहिला प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपचे अपडेट, प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून आलेले. यात लॉगिन सहसा तसेच राहते. उलट हे अपडेट फार दिवस केले नाही तर अडचण येते. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. ती संपली की ‘ही आवृत्ती जुनी झाली आहे’ असा संदेश येतो आणि अपडेट केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे फोनच्या मूळ प्रणालीचे, म्हणजे अँड्रॉइडचे किंवा आयओएसचे अपडेट. यातही व्हॉट्सॲप आपोआप बाहेर पडायला नको. पण अपडेटला मोठी जागा लागते आणि फोनची साठवण आधीच भरलेली असेल तर ॲप नीट उघडत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे फोनच बदलणे, किंवा दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून’ आणणे. दुकानदार अपडेट म्हणतो, पण प्रत्यक्षात फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केलेला असतो. इथे लॉगिन नव्याने करावेच लागते, आणि बॅकअप आहे की नाही हा प्रश्न जिव्हाळ्याचा ठरतो. म्हणून दुरुस्तीला फोन देण्यापूर्वी ‘आतली माहिती पुसली जाणार का?’ हे स्पष्ट विचारावे आणि आधी बॅकअप घ्यावा.

३. पहिल्या दहा मिनिटांत करावयाच्या गोष्टी

क्रम महत्त्वाचा आहे. खालच्या सहा पायऱ्या एकामागून एक कराव्यात.

पायरी १ : ॲप काढू नका, ‘डेटा साफ करा’ हे बटण दाबू नका. पडद्यावर जो संदेश आला आहे तो पूर्ण वाचा. जमल्यास त्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. मदत करणाऱ्याला ‘चालत नाही’ एवढे सांगण्यापेक्षा त्या संदेशातले शब्द सांगितले, तर अर्धे काम होते.

पायरी २ : तारीख आणि वेळ पाहा. बॅटरी पूर्ण उतरलेला किंवा नव्याने सुरू झालेला फोन कधी कधी कित्येक वर्षे मागची तारीख दाखवतो. तारीख चुकली की फोन आणि कंपनीचा संगणक यांच्यातली सुरक्षित जोडणी होत नाही आणि ॲप आत येऊ देत नाही. सेटिंग्जमध्ये ‘तारीख व वेळ आपोआप’ हे सुरू करावे आणि वेळ भारताची आहे ना, हे पाहावे. साधी बाब आहे, पण यामुळे अडलेले पुष्कळ फोन मार्गी लागतात.

पायरी ३ : इंटरनेट खरोखर चालू आहे का ते पाहा. ब्राउझरमध्ये एखादे पान उघडून बघावे. अपडेटनंतर मोबाईल डेटा बंद राहिलेला असू शकतो. एअरप्लेन मोड सुरू करून अर्ध्या मिनिटाने बंद केल्यास फोन टॉवर नव्याने शोधतो.

पायरी ४ : साठवण तपासा. जागा संपत आली असेल तर नको असलेले व्हिडिओ काढावेत. व्हॉट्सॲपच्या नावाची फाइल-पेटी मात्र हटवू नये. फोनमधल्या बॅकअपच्या प्रती तिच्यातच असतात.

पायरी ५ : फोन एकदा बंद करून सुरू करा.

पायरी ६ : प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर उघडून व्हॉट्सॲपचे अपडेट बाकी आहे का ते पाहा, आणि तिथूनच करा. कोणी पाठवलेल्या दुव्यावरून किंवा फाइलवरून ॲप घेऊ नये.

शेवटच्या वाक्याला कारण आहे. ‘जीबी व्हॉट्सॲप’ यांसारखी नकली ॲपे जास्त सोयी देतो म्हणून गावोगाव पसरली आहेत. ती व्हॉट्सॲप कंपनीची नाहीत. अशी ॲपे वापरणाऱ्याचे खाते कंपनी तात्पुरते किंवा कायमचे बंद करू शकते. पडद्यावर बंदीचा संदेश आणि उलटी मोजणारी वेळ दिसत असेल, तर आपल्या फोनमध्ये मूळ ॲप आहे ना, हे आधी पाहावे.

४. कोड येत नाही तेव्हा

नंबर मागणारा पडदाच समोर असेल, तर घाबरू नये. आपला नंबर टाकून पुढे जायचे. देश भारत, संकेतांक ९१, आणि त्यानंतर दहा अंकी नंबर. सुरुवातीला शून्य लावू नये.

कोड येत नसेल तर आधी सिमकडे पाहावे. दुसऱ्या फोनवरून त्या नंबरावर साधा एसएमएस पाठवून बघा. तोही आला नाही, तर अडचण व्हॉट्सॲपची नाही. रिचार्ज संपलेला असेल, रेंज नसेल किंवा सिम नीट बसलेले नसेल. रिचार्जची मुदत संपून काही दिवस झाले की येणारे संदेशही बंद होतात. अनेक कुटुंबांत एका सिमवर रिचार्ज असतो आणि व्हॉट्सॲप दुसऱ्याच जुन्या नंबरावर असते. एरवी ते चालत राहते, पण अपडेटनंतर कोड मागितला की अडते.

एसएमएस येतच नसेल तर पडद्यावरचा उलटा काळ संपू द्यावा आणि ‘मला कॉल करा’ हा पर्याय निवडावा. फोन येतो आणि आवाज सहा अंक वाचून दाखवतो. कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. दर मिनिटाला नवा कोड मागवू नये. वारंवार मागितल्यास प्रतीक्षेचा काळ वाढत जातो, कधी तासांवर जातो. दोन-तीन कोड आलेच असतील तर सर्वांत शेवटी आलेला वापरावा.

पाड्यावर रेंजची अडचण असेल तर एक युक्ती लक्षात ठेवा. कोड आणि इंटरनेट एकाच फोनवर यायला हवे असे नाही. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घालता येते आणि कोड तिथे वाचून स्मार्टफोनमध्ये टाकता येतो. स्मार्टफोनला इंटरनेट दुसऱ्या कोणाच्या हॉटस्पॉटवरून मिळाले तरी चालते. मात्र जिओचे सिम जुन्या टू-जी फोनमध्ये चालत नाही. त्याला फोर-जी फोनच लागतो.

टेलिग्राम वापरणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथे आपण दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर आधीच लॉगिन असाल, तर कोड सहसा एसएमएसने न येता त्या उघड्या टेलिग्राममध्येच येतो. एसएमएसची वाट पाहत बसण्यापूर्वी तिथे बघावे.

५. पिन आठवत नाही

कोड बरोबर टाकला आणि आता पिन मागतो आहे. तो आठवत नाही. अशा वेळी अंदाजाने आकडे टाकत राहू नये. ‘पिन विसरलात?’ हा पर्याय दाबावा. पिन ठरवताना आपण ईमेल दिला असेल, तर त्या ईमेलवरून पिन नव्याने ठरवता येतो. ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबावे लागते. त्यानंतर पिन नव्याने ठरवून आत जाता येते.

सात दिवस! वसतिगृहासाठी हा काळ मोठा आहे. म्हणूनच पिनसोबत ईमेल देणे ही पाच मिनिटांची तयारी आजच करावी : सेटिंग्ज, खाते, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. मधल्या सात दिवसांत पालकांना आणि गटाला साध्या एसएमएसने किंवा फोनने कळवावे की ‘हा नंबर व्हॉट्सॲपवर काही दिवस दिसणार नाही, फोन करावा’. निरोप वेळेवर पोहोचणे हे आपले काम आहे. तो कोणत्या ॲपने पोहोचतो याला तेवढे महत्त्व नाही.

६. फोनच जुना झाला असेल तर

काही वेळा सगळ्या पायऱ्या करूनही ॲप उघडत नाही, कारण त्या फोनसाठी व्हॉट्सॲपच बंद झालेले असते. अँड्रॉइड ५.० हून जुन्या प्रणालीवर ते आता चालत नाही. आयफोनसाठी मे २०२५ पासून आयओएस १५.१ किंवा त्यापुढची प्रणाली लागते.

आपल्या क्षेत्रात अधिक भेटतो तो जिओफोन. बटणांच्या या स्वस्त फोनवर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आले, तेव्हा अनेक घरांत ते पहिल्यांदाच पोहोचले. त्या फोनची प्रणाली कायओएस. तिच्यावर जून २०२४ पासून व्हॉट्सॲप नव्याने घेणे बंद झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला ते वापरण्याचा पाठिंबाही संपला. अशा फोनवर कितीही वेळा कोड टाकला तरी उपयोग नाही. ज्या पालकांकडे असा फोन आहे त्यांची यादी करून त्यांच्यासाठी फोन कॉल किंवा एसएमएस हीच रीत ठरवावी. ‘गटावर टाकले होते’ म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

हितचिंतकांना इथे एक विनंती. जुना स्मार्टफोन देणगी म्हणून देताना त्याची अँड्रॉइड आवृत्ती पाहावी, आपले गुगल खाते त्यातून काढावे आणि मगच फोन पुसून द्यावा. खाते न काढता पुसलेला फोन सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि पाड्यावर पोहोचून निकामी पडून राहतो.

७. संदेश परत आणताना

लॉगिन झाले की नव्या किंवा पुसलेल्या फोनवर व्हॉट्सॲप विचारते, ‘बॅकअप सापडला आहे, परत आणायचा का?’ इथे घाईने ‘वगळा’ दाबू नये. तो प्रश्न नेमका त्याच वेळी विचारला जातो.

बॅकअप सापडावा यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात : नंबर तोच हवा, आणि फोनमध्ये गुगल खाते तेच हवे ज्यात बॅकअप गेला होता. दुकानदाराने फोन सुरू करताना नवे गुगल खाते काढून दिले असेल तर बॅकअप ‘नाही’ असे दिसते. तो जागच्या जागी असतो, आपण दुसऱ्याच दारावर टकटक करत असतो. जुने खाते फोनमध्ये जोडावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

गुगल खात्यात विनामूल्य जागा १५ जीबी असते, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप आता त्याच जागेत मोजला जातो. फोटो आणि ईमेलने ती भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. महिन्यातून एकदा सेटिंग्ज, चॅट, चॅट बॅकअप इथे जाऊन शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख पाहावी. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल तर तो जपावा. तो हरवला तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

८. संगणकावर किंवा दुसऱ्या फोनवर उघडत नसेल तर

कार्यालयातल्या संगणकावर व्हॉट्सॲप चालते ते मुख्य फोनशी जोडलेले असते. अपडेटनंतर तिथे चौकोनी क्यूआर कोड दिसू लागला, तर फोनमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ इथे जाऊन तो पुन्हा जोडावा. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली सगळी उपकरणे आपोआप बाहेर पडतात. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृहाचा फोन कपाटात बंद राहतो, तेव्हा नेमके हेच होते.

या सोयीचा चांगला उपयोगही आहे. २०२३ पासून एकाच खात्याला दुसरा फोनही जोडता येतो, एकूण चार उपकरणांपर्यंत. अधीक्षकांचा फोन बिघडला तर सहायिकेच्या फोनवर तेच खाते काही दिवस चालू राहू शकते. मात्र विश्वासाच्या माणसाचाच फोन जोडावा. मुलांची नावे, आजार, घरची परिस्थिती हे सारे त्यात असते.

९. खरा धोका : कोड मागणारा माणूस

आता या पाठातला सर्वांत गंभीर भाग. लॉगिनची अडचण आलेला माणूस गडबडलेला असतो, आणि फसवणारे त्याच क्षणाची वाट पाहत असतात. त्यांच्या तीन रीती ओळखून ठेवू.

एक : ओळखीच्याच नंबरावरून संदेश येतो, ‘माझा कोड चुकून तुमच्याकडे आला आहे, पाठवा ना.’ तो कोड आपल्याच खात्याचा असतो. ओळखीच्याचे खाते आधीच चोरले गेलेले असते आणि आता आपली पाळी असते.

दोन : ‘मी कंपनीतून बोलतो, तुमचे व्हॉट्सॲप अपडेटनंतर बंद होणार, कोड सांगा.’ कोड विचारण्यासाठी कंपनी कोणाला फोन करत नाही.

तीन : ‘*४०१# लावून पुढे हा नंबर टाका, रेंज सुधारेल.’ असे केले की आपले फोन दुसऱ्या नंबरावर वळतात. मग तो माणूस आपल्या नंबराने लॉगिन करतो, ‘मला कॉल करा’ दाबतो, आणि कोड सांगणारा फोन त्याच्याकडे जातो. याबद्दल दूरसंचार विभागानेही सावध केले आहे. शंका आली तर फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ सुरू आहे का ते पाहून बंद करावे.

नियम एकच : कोड कोणालाही सांगायचा नाही. मदत करणाऱ्यालाही नाही. आपला फोन आपल्या हातात ठेवून, तो समोर बसलेला असताना, कोड आपणच टाकायचा.

खाते चोरीला गेलेच, तर लगेच आपल्या फोनवर नंबर टाकून नवा कोड मागवावा आणि लॉगिन करावे. सहा अंकी कोड बरोबर टाकताच चोर त्या खात्यातून बाहेर पडतो. त्याने मध्येच पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावे लागेल, पण त्या काळात त्यालाही खाते वापरता येत नाही. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

यात आपला, म्हणजे पाठबळ देणाऱ्यांचा, थेट संबंध येतो. सेवकाचे खाते चोरीला गेले की पहिला संदेश आपल्यालाच येतो : ‘मुलगा दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा.’ फोटो तोच, नाव तेच. अशा वेळी मन द्रवते, आणि ते द्रवणे चांगलेच आहे. पण पैसे पाठवण्याआधी त्या सेवकाला साधा फोन करून त्याचा आवाज ऐकावा. फोन लागला नाही तर संस्थेच्या कार्यालयात विचारावे. देणगी संस्थेच्या नेहमीच्या खात्यातच द्यावी, संदेशात आलेल्या नव्या नंबरावर नाही. दोन मिनिटांची ही खातरजमा म्हणजे अविश्वास नव्हे. गरजू मुलासाठी ठेवलेला रुपया त्याच्यापर्यंत पोहोचावा म्हणून घेतलेली ती काळजी आहे.

१०. सिम कोणाच्या नावावर?

संस्थांमध्ये एक अडचण वारंवार येते. वसतिगृहाचा नंबर म्हणून वर्षानुवर्षे जो दिला जातो, तो प्रत्यक्षात एखाद्या अधीक्षकाच्या स्वतःच्या नावावर असतो. त्यांची बदली होते, सिम त्यांच्यासोबत जाते किंवा बंद पडते. मग अपडेटनंतर कोड येतो तो दुसऱ्याच गावी.

९० दिवस न वापरलेले प्रीपेड सिम बंद होऊ शकते, आणि पुढे काही काळाने तोच नंबर एखाद्या अनोळखी व्यक्तीला दिला जातो. म्हणून केंद्राचा नंबर संस्थेच्या नावावर घ्यावा. नंबर बदलायचाच असेल तर जुने सिम चालू असतानाच व्हॉट्सॲपमधली ‘नंबर बदला’ ही सोय वापरावी. त्यामुळे गट तसेच राहतात. प्रत्येक गटाला निदान दोन ॲडमिन असावेत.

वहीत एक पान करून ठेवा : नंबर कोणाच्या नावावर, रिचार्ज कधी संपतो, कोणते गुगल खाते, पिनसाठी कोणता ईमेल, शेवटचा बॅकअप कधी. पिन आणि पासवर्ड मात्र या पानावर किंवा फोनच्या मागे लिहू नयेत. ते बंद पाकिटात घालून केंद्रप्रमुखांकडे द्यावेत. आणि पालकांचे फोन नंबर कागदावर उतरवलेले असावेत. सगळे बंद पडले तरी कागद आणि साधा फोन कामाला येतात.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. पडताळणी कोड आणि पिन यांत फरक काय? आपल्या गटातल्या किती जणांना आपला पिन आठवतो?

२. अपडेटनंतर ॲप काढून टाकण्याची घाई का करू नये?

३. आपल्या फोनवर शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला झाला? आत्ताच पाहा.

४. ज्यांच्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही अशा पालकांना किंवा सभासदांना आपण निरोप कसा देतो?

५. ओळखीच्या सेवकाच्या नंबरावरून तातडीने पैसे मागणारा संदेश आला, तर आपण कोणत्या दोन गोष्टी आधी कराल?

कृती : पुढच्या सभेला प्रत्येकाने आपला फोन आणावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून त्याला ईमेल जोडावा. गटातल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांना मदत करावी, मात्र आकडे ज्याचे त्यानेच टाकावेत.